परदेशातल्या लग्नाची ऑर्डर आली? आधी कागद, मग कॅमेरा



लग्नाच्या फोटोग्राफी व्यवसायावरचा व्हिडिओ आल्यापासून एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय. "सर, पार्टी आपल्याच ओळखीची आहे. मुलगा दुबईला असतो, लग्न थायलंडला करायचं म्हणताहेत. तिकीट देतो, राहायची सोय करतो, फोटो तुम्हीच काढा म्हणतात. जाऊ का?" सोनगीरच्या एका स्टुडिओवाल्या भावाने तर पुढे विचारलं, "कितला सांगू?" म्हणजे भाव किती सांगू. जायचं हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं!

जायला हरकत काहीच नाही. पण व्हिडिओच्या पंधरा मिनिटांत यातलं सगळं मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. स्टुडिओ चालवत असाल, मुद्रा कर्ज काढून कॅमेरे घेतले असतील, किंवा उद्या वेडिंग प्लॅनर व्हायचं मनात असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की परदेशातलं लग्न म्हणजे फक्त फिल्मस्टारचं काम. आज खान्देशातल्या घराघरातली पोरं पुणे, दुबई, अमेरिका अशी पसरली आहेत. अर्धे पाहुणे इथे, अर्धे तिथे, मग मधलं एखादं ठिकाण निवडतात. आणि त्यांना इथला फोटोवाला का हवा असतो? फुकेतला चांगले फोटोवाले मिळतात, इथून माणसं नेण्यापेक्षा स्वस्तही पडतात. पण अंतरपाट कोणत्या क्षणी खाली येतो, मामा मुलीला कुठून आणतो, देवक कधी बसतं, कोणत्या आत्याचा फोटो राहिला तर सहा महिने बोलणी खावी लागतात, हे त्यांना ठाऊक नसतं. तुम्हाला असतं. तुमचा भाव या माहितीला मिळतो. लेन्स त्यांच्याकडेही तीच आहे.

कोणतं लग्न? कायद्याचं की फोटोचं?

पार्टीला पहिला प्रश्न तारखेचा किंवा बजेटचा विचारू नका. विचारा, "कायदेशीर लग्न तिथेच करणार, की इथे करून तिकडे फक्त सोहळा?" बऱ्याच घरांत यावर विचारच झालेला नसतो. तुम्ही विचारलंत की समोरचा माणूस तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

आपल्या मराठीतलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. 'नटरंग'मधली अप्सरा, अभिनेत्री सोनाली कुलकर्णी. कुणाल बेनोडेकर यांच्याशी तिचं लग्न ७ मे २०२१ ला दुबईत झालं. कोविडचे निर्बंध होते, त्यामुळे अगदी मोजक्या माणसांत, मंदिरात. मग बरोबर वर्षाने, मे २०२२ मध्ये, लंडनला सगळे विधी, पाहुणे, हौसमौज करून पुन्हा सोहळा झाला. त्या सोहळ्याचं चित्रीकरण नंतर 'प्लॅनेट मराठी' या ओटीटीवर प्रेक्षकांनी पाहिलं. धंद्याच्या नजरेने बघा. लग्न एका देशात, सोहळा दुसऱ्या देशात, चित्रीकरण तिसऱ्याच्या हाती, आणि ते दाखवणारा चौथा. यातला प्रत्येक सांधा कागदाने जोडावा लागतो.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचं लग्न ११ डिसेंबर २०१७ ला इटलीत टस्कनीला झालं. पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्रांत बातमी आली, की माहिती अधिकारात विचारल्यावर रोमच्या भारतीय दूतावासाने या लग्नाची आपल्याकडे नोंद नसल्याचं कळवलं. मग ते लग्न वैध की अवैध यावर टीव्हीवर चर्चा रंगल्या. दूतावासात नोंद नाही म्हणून हिंदू पद्धतीने लागलेलं लग्न आपोआप रद्द होत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ भारतात कायम वास्तव्य असलेल्या हिंदूंना देशाबाहेरही लागू होतो. पण वैध असणं वेगळं आणि हातात दाखला असणं वेगळं. बायकोचा व्हिसा काढताना दाखलाच मागतात.

मग परदेशात भारतीय कायद्याने लग्न लावता येतं का? येतं. विदेशी विवाह अधिनियम, १९६९ त्यासाठीच आहे. दोघांपैकी निदान एक जण भारतीय नागरिक हवा. तिथल्या दूतावासातल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, आणि नोटिशीआधी दोघांपैकी एकाने त्या भागात किमान ३० दिवस राहिलेलं असावं. त्यावर पुन्हा हरकतींसाठी ३० दिवस. आता सांगा, सोनगीरहून चार दिवसांसाठी गेलेलं वऱ्हाड हे कसं करणार? मुलगा किंवा मुलगी तिथेच नोकरीला असेल तर जमतं. नाहीतर नाही.

म्हणून व्यवहारात बहुतेक कुटुंबं कायदेशीर लग्न इथे उरकतात. एक रस्ता विशेष विवाह अधिनियम, १९५४ चा. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, तीन साक्षीदार घेऊन सही करायची. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते. म्हणजे डिसेंबरच्या सोहळ्यासाठी नोटीस जूनमध्ये देऊन निवांत बसला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसरा रस्ता आपल्याला जास्त ओळखीचा: घरी किंवा मंदिरात विधिवत छोटं लग्न, मग नोंदणी, आणि महिन्याभराने बीचवर थाट.

फोटोवाल्याला याच्याशी काय देणंघेणं? भरपूर आहे. एक तर ऑर्डर एकाची दोन होते. घरचं छोटं लग्नही तुमच्याकडेच येतं. दुसरं कारण जास्त वजनाचं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पायलट जोडप्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की हिंदू विवाहाचे विधी झालेलेच नसतील, तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने लग्न होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्ये सप्तपदीचा उल्लेख आहे. जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे सातवं पाऊल टाकलं की लग्न पूर्ण झालं, असं कायदा म्हणतो.

म्हणजे सातव्या पावलाचा तुमचा फोटो उद्या पुरावा ठरू शकतो. तरीही किती अल्बममध्ये सप्तपदीची दोनच पावलं सापडतात! कारण फोटोवाला त्या वेळी स्टेजमागे नवरदेवाच्या मित्रांचा ग्रुप फोटो जुळवत असतो. सप्तपदी सलग घ्या. एक कॅमेरा स्टँडवर लावून न थांबवता व्हिडिओ चालू ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेला लावा. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे, दुबई दीड तास मागे. आणि या भागाच्या मूळ फाइल्स, न छाटलेल्या, वेगळ्या जपा. डिजिटल फोटो कोर्टात द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, द्यावा लागतो. फिल्टर मारून पाठवलेली व्हॉट्सॲपची कॉपी तिथे तोकडी पडते. कोर्टाचं सोडा, जोडीदाराच्या व्हिसासाठीही कुटुंबं लग्नाचे फोटो जोडतात. 'कागदपत्रांसाठी २५ फोटोंचा संच' अशी वेगळी सेवा तुमच्या दरपत्रकात का नसावी?

तुम्ही तिथे कोण म्हणून जाताय?

आता सगळ्यात नाजूक विषय. पार्टी सांगते, "टुरिस्ट म्हणून चला ना, आमच्याबरोबर पाहुणे म्हणून. कोण विचारतंय?"

विचारतात. आणि विचारलं तर उत्तर पार्टीला द्यावं लागत नाही, तुम्हाला द्यावं लागतं. पर्यटक म्हणून मिळालेला प्रवेश फिरण्यासाठी असतो. त्यावर पैसे घेऊन काम करणं बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे. व्हिसा लागत नाही म्हणजे काम चालतं, हा तर मोठाच गैरसमज. थायलंडमध्ये परवान्याशिवाय काम करताना सापडलेल्या परदेशी माणसाला ५ हजार ते ५० हजार बाथ दंड आणि वर देशातून रवानगी, अशी तरतूद आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर काम करायला मनाई आहे. तिथे २०२४ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय माणूस कामाला लावणाऱ्याला १ लाख ते १० लाख दिरहम दंडाची तरतूद झाली. म्हणून तिथली हॉटेलं आणि इव्हेंट कंपन्या स्वतःच तुमच्याकडे कागद मागतील.

प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेत बी-१ व्हिसावर स्थिर फोटो काढणाऱ्याला एक सवलत आहे: अमेरिकेतून कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत, ही अट. म्हणजे धुळ्याच्या पार्टीने धुळ्यात पैसे दिले तर एक गोष्ट, आणि न्यू जर्सीच्या काकांनी तिथे डॉलर हातात ठेवले तर दुसरी. आणि हे फोटोबद्दल झालं. व्हिडिओवाल्यालाही हीच सवलत मिळेल असं धरून चालू नका.

मग करायचं काय? त्या देशाच्या दूतावासाला किंवा व्हिसा केंद्राला ईमेल करा. स्पष्ट लिहा: आम्ही तीन जण, भारतीय कुटुंबाच्या खासगी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढायला, इतक्या दिवसांसाठी येतोय, मोबदला भारतात मिळणार, कोणता व्हिसा आणि परवाना लागेल? आलेलं उत्तर छापून फाइलला लावा. परवाना काढणं झेपत नसेल तर तिथला परवानाधारक स्टुडिओ शोधा आणि त्याच्यामार्फत काम करा. त्याची माणसं कॅमेरा धरतील, तुम्ही आधीपासून शॉटची यादी, विधींचा क्रम, घरच्या माणसांची ओळख हे सगळं तयार करून द्या, एडिटिंग आणि अल्बम इथे करा. यात भाव कमी मिळतो हे खरं. पण पहिल्या परदेशी ऑर्डरला मी तरी हाच रस्ता सुचवेन.

मदतनिसाच्या पासपोर्टकडेही लक्ष द्या. हे कोणी सांगत नाही. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर बहुधा 'ईसीआर' असा शेरा असतो. असा माणूस नोकरी-कामाच्या व्हिसावर १८ ठरावीक देशांत जात असेल तर त्याला भारत सरकारची उत्प्रवास मंजुरी लागते. त्या यादीत अमिराती, ओमान, कतार तर आहेतच, पण थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत. तुमचा लाइट धरणारा हुशार पोरगा नववीत शाळा सोडलेला असेल, तर त्याचं मुंबई विमानतळावर अडकणं आणि तुमचं लाइटशिवाय लग्न काढणं, दोन्ही एकाच दिवशी होईल. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक आहे ना, तेही बघून घ्या.

कॅमेऱ्यालाही पासपोर्ट लागतो

समजा तुमच्या बॅगेत दोन कॅमेरे, पाच लेन्स, फ्लॅश, गिंबल, माइक असा सहा-सात लाखांचा माल आहे. जाताना इथला कस्टम अधिकारी काही विचारणार नाही. तिथे उतरल्यावर तिथला विचारू शकतो: हे विकायला आणलंय का? आणि परत येताना आपला विचारू शकतो: हे तिकडून विकत घेतलंय का? दोन्ही वेळेला तोंडी उत्तर चालत नाही.

यावर दोन उपाय. छोट्या किटसाठी मुंबई विमानतळावर जाताना कस्टमच्या काउंटरवर सामान दाखवून 'एक्सपोर्ट सर्टिफिकेट' घ्या. प्रत्येक वस्तूचं नाव, मॉडेल, सीरियल नंबर लिहिलेली यादी आणि खरेदीची बिलं बरोबर ठेवा. परत येताना तोच कागद दाखवला की वस्तू तुमचीच आणि इथूनच गेलेली हे सिद्ध होतं, ड्यूटीचा प्रश्न येत नाही. यासाठी किमान तासभर आधी पोहोचा, आणि हे सामान चेक-इन करायच्या आधी दाखवा. बॅग बेल्टवर गेल्यावर दाखवणार काय?

मोठ्या किटसाठी 'एटीए कार्नेट' आहे. हा खरोखर मालाचा पासपोर्ट आहे. भारतात तो 'फिक्की' ही संस्था देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. माल तात्पुरता नेतोय आणि परत आणणार, याची ती हमी असते, म्हणून तिथे ड्यूटी भरावी लागत नाही. त्यासाठी फी आणि मालाच्या किमतीवर ठरणारं तारण द्यावं लागतं. सगळे देश कार्नेट मानत नाहीत, आणि मानणाऱ्यांतही कोणत्या कामाच्या सामानाला मानतात यात फरक असतो. अर्ज करण्याआधी ते विचारून घ्या. आणि जाताना-येताना प्रत्येक ठिकाणी शिक्का मारून घ्या. एक शिक्का राहिला तर माल तिथेच विकला असं समजून ड्यूटीचा दावा येऊ शकतो. विमानाची घाई, सगळे पुढे गेलेले, रांग मोठी, तरीही शिक्का.

जुनी बिलं हरवली असतील तर आजच दुकानदाराकडून दुसरी प्रत मागवा. सेकंडहँड घेतलेल्या कॅमेऱ्याची कच्ची चिठ्ठी तिथे उपयोगाची नाही.

बॅटऱ्यांचा नियम सोपा आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. १०० वॅट-अवरपर्यंत चालतात, १०० ते १६० च्या दोनच सुट्या आणि त्याही विमान कंपनीला विचारून, १६० च्या वर नाहीच. साधी कॅमेरा बॅटरी पंधरा-वीस वॅट-अवरची असते, तिची चिंता नको. मोठ्या व्हिडिओ लाइटची बॅटरी मात्र उलटी करून आकडा वाचा. टोकांना चिकटपट्टी लावा.

ड्रोन. माझं मत सरळ आहे: नेऊ नका. थायलंडमध्ये ड्रोनला दोन वेगवेगळ्या सरकारी संस्थांकडे नोंदणी लागते, श्रीलंकेत आणि नेपाळमध्ये आधी परवानगी लागते. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून लोक बिनधास्त ड्रोन टाकून नेतात, तिथे अडकतात. तिथल्या परवानाधारक ऑपरेटरला एका दिवसासाठी सांगा आणि तो खर्च कोटेशनमध्ये दाखवा.

आकड्यांत बघू

आता सोनगीरच्या त्या भावाच्या प्रश्नावर येतो. कितला सांगू? खालचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा तीन माणसं, तिकीट आणि राहणं पार्टीचं, भाव ठरला साडेतीन लाख. ऐकायला काय भारी वाटतं! लग्न तीन दिवसांचं, पण सोनगीरहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, मग विमान, परतीचा थकवा, सामान लावणं. आठ दिवस गेले. दोन मदतनिसांना रोज ३ हजार प्रमाणे ४८ हजार. व्हिसा, परवाने, कागदपत्रं ४५ हजार. सामानाचा विमा आणि कस्टमचे कागद २५ हजार. तिथला ड्रोनवाला ४० हजार. मुंबईपर्यंत येणं-जाणं आणि वरखर्च २२ हजार. एडिटिंग ५० हजार, अल्बम ३० हजार. बेरीज २ लाख ६० हजार. हातात राहिले ९० हजार.

आता ते आठ दिवस लग्नसराईतले असतील तर त्यात धुळे-शिरपूर भागातल्या तीन ऑर्डरी झाल्या असत्या. प्रत्येकी ६० हजारांची धरा, खर्च निम्मा. शिल्लक तीन गुणिले ३० हजार, म्हणजे तेच ९० हजार. घरचं वरण-बट्टी खाऊन!

पण अजून जीएसटी राहिलाच आहे. "लग्न थायलंडला, मग जीएसटी कशाला?" असं बरेच जण म्हणतात. सेवा देणारा भारतात आणि घेणारा भारतात असेल, तर फोटोग्राफीसारख्या सेवेचं पुरवठ्याचं ठिकाण हे साधारणपणे घेणाऱ्याच्या ठिकाणावरून ठरतं. धुळ्याची पार्टी असेल तर सेवा भारतातलीच झाली, कॅमेरा कुठेही चालो. तुमची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी केलेली नसेल तर प्रश्न नाही. नोंदणी असेल आणि तुम्ही 'सगळं धरून साडेतीन लाख' असं तोंडी बोलून बसला असाल, तर १८ टक्क्यांच्या हिशेबाने त्यातले सुमारे ५३ हजार ४०० रुपये कराचे निघतात. मग ९० हजारांतले उरतात ३६ हजार ६००. खर्चावर भरलेल्या कराची थोडी वजावट मिळेल, पण चित्र फारसं बदलत नाही. म्हणून कोटेशनवर 'जीएसटी वेगळा' हे दोन शब्द छापलेले हवेत.

पार्टी स्वतः परदेशात राहणारी असेल आणि पैसे परकीय चलनात बँकेतून येत असतील तर ती सेवेची निर्यात होऊ शकते. तिच्यावर कर शून्य, पण त्यासाठी नोंदणी असलेल्याने आधी 'एलयूटी' हे हमीपत्र जीएसटीच्या पोर्टलवर भरायचं, दर आर्थिक वर्षाला नव्याने. बिल बनवण्याआधी सीएला एक फोन करा. नंतरचा फोन महाग पडतो.

मग ऑर्डर घ्यायचीच नाही का? घ्या. पण लग्नसराईबाहेरची तारीख असेल, किंवा घरचं लग्न, रिसेप्शन आणि परदेशातला सोहळा असं एकत्र पॅकेज असेल, किंवा भाव पाच-साडेपाच लाखांच्या पुढे जात असेल तर. "बाहेरदेशी काम केलं, नाव होईल" या हिशेबावर घेऊ नका. ते नाव करायला फोटो दाखवता यायला हवेत, आणि तिथेच पुढची गोम आहे.

फोटो कोणाचे?

कॉपीराइट अधिनियम, १९५७ चं कलम १७ सांगतं, की पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो. काढणारा नव्हे! म्हणजे करार न करता तुम्ही तो बीचवरचा सुंदर फोटो तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकला, तर पार्टी तो काढायला लावू शकते. ज्या नावासाठी तुम्ही भाव कमी केला, ते नावच गेलं.

म्हणून करारात एक कलम घाला: ठरलेल्या २० किंवा ३० फोटोंचा आणि एक मिनिटाच्या रीलचा वापर स्टुडिओ आपल्या जाहिरातीसाठी करू शकेल, घरच्यांना दाखवून. काही कुटुंबं गुप्ततेचा आग्रह धरतात. हरकत नाही, पण मग भाव वेगळा. फिल्मी गाण्याचंही सांगून ठेवतो. वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे, पण तेच गाणं लावून लग्नाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला नाही. परवाना असलेलं संगीत वापरा.

करारात आणखी काय? लग्न पुढे ढकललं तर आगाऊ रकमेचं काय, रद्द झालं तर काय, कारण कोविडच्या काळात कितीतरी लग्नांच्या तारखा फिरल्या. तिकीट कोण काढणार आणि कधी. प्रवासाच्या निदान महिनाभर आधी तुमच्या ईमेलवर आलेलं हवं. दिवसाला किती तास काम. सामान पार्टीच्या माणसाकडून फुटलं तर भरपाई. वाद झाला तर धुळ्याच्या न्यायालयात. आगाऊ रक्कम ५० टक्के, निघण्याआधी ४०, अल्बम देताना १०. परदेशातून परत आल्यावर निम्मे पैसे मागत फिरायची वेळ नको. हा करार स्टॅम्प पेपरवर करा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो, एवढाच फरक.

"ओळखीची माणसं, करार कसा मागू?" सोनगीरच्या तांबट गल्लीत जाऊन बघा. तांब्या-पितळेचं भांडं ओळखीचा माणूस न्यायला आला तरी ते तराजूत टाकूनच देतात, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. वजन दोघांच्या डोळ्यांसमोर होतं, बस.

शेवटचं, परतीच्या प्रवासाचं. रोज रात्री कार्डं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा. एक डिस्क तुमच्या हातातल्या बॅगेत, दुसरी सहकाऱ्याच्या, शक्य असेल तर वेगळ्या विमानाने येणाऱ्या घरच्या माणसाकडे. मूळ कार्डं घरी पोहोचून तिसरी प्रत होईपर्यंत पुसू नका. मुंबईला उतरल्यावर ग्रीन चॅनलकडे वळण्याआधी एक्सपोर्ट सर्टिफिकेट किंवा कार्नेट हातात काढून ठेवा, आणि कार्नेट असेल तर परत आल्याचा शिक्का तिथल्या तिथे मारून घ्या. नंतर सोनगीरहून त्या एका शिक्क्यासाठी परत मुंबई गाठावी लागेल.